पिशवी राहू द्या, गाठ सुकवू या

गर्भपिशवीच्या गाठींबद्दल, म्हणजे फायब्रॉइडबद्दल, या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच उपचाराविषयी आहेत: युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन. पोट न उघडता गाठीचं रक्त तोडायचं आणि तिला जागच्या जागी सुकवायचं, अशी ही पद्धत. स्त्रीरोग आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (एक्स-रेखाली पाहत नळीने उपचार करणारा विभाग) अशा दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न: वय ४३, दोन मुलं. पाळी आठ-नऊ दिवस चालते, गुठळ्या पडतात, हिमोग्लोबिन ७.८ आहे. सोनोग्राफीत ६ सेंटिमीटरची एक गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, दुसरे म्हणतात एम्बोलायझेशन होईल. त्यात नक्की करतात काय? आणि रक्त बंद केल्यावर पिशवी सडणार नाही का?
– एक वाचक, महाल

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. गर्भपिशवीला उजवी आणि डावी अशा दोन मुख्य धमन्या रक्त देतात. शिवाय बीजकोशाकडून आणि योनीमार्गाकडून येणाऱ्या बारीक वाटा असतातच. मुख्य धमनी अडली की पिशवी या आडवाटांवर तगून राहते. गाठीला तेवढ्यावर भागत नाही, कारण ती वाढलेलीच मुख्य धमनीच्या जोरावर असते. म्हणून गाठ सुकते आणि पिशवी वाचते.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. आदल्या रात्री भरती किंवा त्याच दिवशी सकाळी, सहा तास उपाशीपोटी. लघवीची नळी घालतात. ती नकोशी वाटते, पण रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय लघवीत उतरून मूत्राशय भरलं की पडद्यावर पिशवीच्या रक्तवाहिन्या झाकल्या जातात, म्हणून ती लागते. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करायच्या खोलीत, उजव्या जांघेत किंवा डाव्या मनगटात बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन धमनीत दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी सरकवतात. पूर्ण भूल सहसा लागत नाही, गुंगीचं औषध पुरतं. एक्स-रेखाली पाहत ती नळी कमरेतल्या इंटर्नल इलियॅक धमनीत आणि तिथून, तिच्या आतून नेलेल्या आणखी बारीक नळीने, गर्भपिशवीच्या धमनीत पोचवतात. मग कण सोडायचे. हे कण साधारण ५०० ते ७०० मायक्रॉनचे असतात, म्हणजे बारीक रव्याच्या दाण्याएवढे. याहून लहान कण पुढे घसरून बीजकोशाकडे किंवा पिशवीच्या चांगल्या भागात जाऊ शकतात. प्रवाह जवळपास थांबला की दुसऱ्या बाजूला तेच. एकच बाजू बंद केली तर गाठ दुसऱ्या बाजूकडून रक्त ओढून घेते. सगळं मिळून तास-दीड तास.

ही पद्धत सापडली ती थोडी योगायोगानेच. पॅरिसमध्ये डॉ. जाक राविना यांच्या गटाने शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून आधी गाठींचं रक्त बंद केलं, आणि काही जणींचा त्रास इतका ओसरला की शस्त्रक्रिया करायची वेळच आली नाही. १९९५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

तुमच्यासारख्या, मुख्य तक्रार रक्तस्रावाची असलेल्या स्त्रियांत शंभरातल्या ८५ ते ९० जणींना चांगला फरक पडतो. पण पिशवी काढल्यावर हा प्रश्न कायमचा मिटतो, एम्बोलायझेशननंतर तशी हमी नसते. पाच वर्षांत चौघींपैकी एकीला, काही अभ्यासांत तिघींपैकी एकीला, पुन्हा काहीतरी उपचार लागतो. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर विचारून घ्या.

फक्त सोनोग्राफीवर होकार देऊ नका. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेला डाय) देऊन केलेला एमआरआय हवाच, कारण गाठीत रक्त खेळतंय की नाही ते त्यातच कळतं. गाठ आधीच आतून मेलेली किंवा चुना धरलेली असेल, तर बंद करायला तिथे रक्तच नसतं. त्याबरोबर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), रक्त गोठण्याची तपासणी, पॅप स्मिअर (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी). आणि वय ४५ च्या पुढे असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्येही अंगावरून जात असेल, तर गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी. गाठ लहान करणारी हार्मोनची इंजेक्शनं नुकतीच घेतली असतील तर दोन-तीन महिने थांबावं लागतं. त्या औषधाने धमन्या आकसलेल्या असतात आणि नळी आत जात नाही.

हिमोग्लोबिन मात्र आजपासूनच वाढवा. लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. संत्र्याचे दिवस असतील तर तेही चालेल, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. चहा गोळीच्या आधी आणि नंतर तासभर तरी नको. घरोघरी लोह वाया जातं ते या चहामुळे. पोटाला गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन मिळतं, पण त्याचाही परिणाम दिसायला तीन-चार आठवडे जातात.

प्रश्न: आईचं एम्बोलायझेशन पुढच्या आठवड्यात आहे. एक रात्र ठेवून घरी सोडतील म्हणाले. घरी आणल्यावर काय बघायचं? ताप आला तर घाबरायचं का?
– एक मुलगी, उमरेड

पहिली गोष्ट दुखण्याची, कारण याबाबतीत लोकांना अंधारात ठेवलं जातं. 'टाकाही नाही' असं ऐकून आलेल्या बाईला कॅथ लॅबमधून बाहेर आल्यावर कळा सुरू झाल्या की वाटतं काहीतरी बिघडलं. रक्त तुटलेली गाठ दुखतेच. कळा तासाभरात सुरू होतात, पहिल्या रात्री सर्वांत जास्त असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरत जातात. म्हणून आधीच विचारा: दुखण्यासाठी काय देणार? शिरेतून औषध चालू असणार का? काही ठिकाणी बेंबीखाली एक इंजेक्शन देऊन तिथल्या नसांचं जाळं काही तास बधिर करतात. त्याने पहिली रात्र बरीच सुसह्य होते.

घरी आल्यावर गोळ्या घड्याळ लावून द्या, दुखलं की द्यायच्या असं करू नका. सूज कमी करणारी गोळी जेवणानंतरच. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. तापाची वेगळी आणि दुखण्याची वेगळी म्हणून आणलेल्या दोन्ही गोळ्यांत तेच असू शकतं, पाकीट वाचा. ट्रामाडॉल (दुखण्यावरचं तेज औषध) दिलं असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलं. पहिल्या रात्रीपासूनच इसबगोल सुरू करा, वाट बघत बसू नका. मळमळ असते, तेव्हा पहिले दोन दिवस मऊ वरण-भात, ताक. तर्री-पोहे आठवडाभराने.

तापाचं असं आहे. पहिल्या पाच-सात दिवसांत १०० डिग्रीच्या आसपास ताप, अंग मोडून येणं, थकवा हे गाठ सुकत असल्याचं लक्षण, पोस्ट-एम्बोलायझेशन सिंड्रोम म्हणतात त्याला. १०१ च्या वर गेलेला ताप, थंडी वाजून आलेला ताप, किंवा एकदा उतरून परत आलेला ताप ही वेगळी गोष्ट, फोन करायचा. पोटरी एका बाजूची सुजली, दम लागला, तर फोनही न करता सरळ इमर्जन्सीत.

जांघेतून केलं असेल तर तो पाय चार ते सहा तास सरळ ठेवावा लागतो. घरी त्या जागी गाठ फुगताना दिसली किंवा रक्त आलं तर आईला आडवं झोपवा आणि टोचलेल्या जागेवर आणि किंचित वर हाताने दहा मिनिटं सलग दाबा. मध्येच उचलून बघायचं नाही. सगळ्यांचा हात तिथेच चुकतो. थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून गाडी मागवा. आठवडाभर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. सिलिंडर कोणी उचलू देणार नाही हे खरं, पण कूलरमध्ये बादलीने पाणी भरणं हे काम कोणाच्या लक्षात राहत नाही. स्कूटीही आठवडाभर बंद. हळूहळू चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. बहुतेक जणी दहा ते चौदा दिवसांत कामावर जातात.

तपकिरी स्राव दोन-चार आठवडे जाऊ शकतो. त्या काळात पॅडच वापरा, कप किंवा टॅम्पॉन नको, आणि संबंध डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. पहिली एक-दोन पाळी पुढेमागे होते. उपचाराचा अंदाज तिसऱ्या पाळीनंतरच घ्यावा.

आणखी एक. सहा महिन्यांनी गाठीचं आकारमान साधारण निम्मं होतं, पण रिपोर्टमध्ये ६ सेंटिमीटरची गाठ ४.८ दिसते आणि घरचे म्हणतात, 'एवढंच?' गोल वस्तूचं आकारमान निम्मं झालं तरी व्यास पाचव्या हिश्श्यानेच घटतो. हिशोब बरोबर आहे. खरं पाहायचं ते कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये, गाठीत रक्त उरलं आहे का. उरलं असेल तर बहुधा बीजकोशाच्या धमनीकडून फाटा आलेला असतो, किंवा उपचाराच्या वेळी धमनी आकसल्यामुळे कण पुरेसे गेलेले नसतात.

प्रश्न: पत्नीचं एम्बोलायझेशन होऊन बावीस दिवस झाले. ताप गेला होता. चार दिवसांपासून परत येतो आहे, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं आणि काल मांसासारखा तुकडा पडला. पुढची तपासणी महिन्याने आहे. थांबू का?
– एक वाचक, कामठी

थांबू नका. हे उत्तर छापून येण्याआधीच तुम्हाला कळवलं आहे. इतरांनी वाचावं म्हणून इथे देतो आहोत. पिशवीच्या अस्तराला लागून असलेली, सबम्युकोसल गाठ सुकली की कधी कधी सुटी होऊन तुकड्यांनी बाहेर पडते. आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही. पूर्ण पडून गेली तर उत्तमच. पण गर्भपिशवीच्या तोंडाशी अडकली तर आत जंतुसंसर्ग होतो. तेव्हा प्रतिजैविकं आणि दुर्बिणीने तो तुकडा काढणं, एवढ्यावर बहुतेकदा निभावतं. उशीर झाला तर पिशवी काढायची पाळी येऊ शकते. पडलेला तुकडा स्वच्छ डबीत घेऊन जा.

प्रश्न: वय ३१, लग्नाला तीन वर्षं, मूल हवं आहे. गाठी दोन, ५ आणि ४ सेंटिमीटर. लॅप्रोस्कोपीची भीती वाटते, एम्बोलायझेशन चालेल का?
– एक वाचक, मनीषनगर

आमचा कल मायोमेक्टॉमीकडे, म्हणजे फक्त गाठी काढून पिशवी शिवण्याकडे. एम्बोलायझेशननंतर स्त्रियांना मुलं झालेली आहेत, पण गर्भपाताचं आणि वार (प्लॅसेंटा) नीट न रुजण्याचं प्रमाण जास्त असल्याची शंका अजून फिटलेली नाही. बीजकोशावरही थोडा परिणाम होऊ शकतो. पंचेचाळिशीच्या आत पाळी कायमची जाण्याची शक्यता शंभरात एक-दोन, पण मूल हवं असताना एकही जास्तच. शिवाय २०२० साली इंग्लंडमधून आलेल्या एका मोठ्या तुलनेत, दोन वर्षांनंतर मायोमेक्टॉमी झालेल्या स्त्रियांचं जीवनमान (क्वालिटी ऑफ लाइफ) जास्त सुधारलेलं दिसलं. गाठी कुठे आहेत त्यावर दुर्बिणीने पोटातून की योनीमार्गातून हे ठरेल. आधी एएमएच (बीजकोशातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. आणि हो, प्रत्येक गाठ वंध्यत्वाचं कारण नसते. पतीची तपासणी झाली आहे का?

प्रश्न: मला सिकलसेल आहे, रिपोर्टवर एसएस लिहिलं आहे. गडचिरोलीहून नागपूरला यावं लागेल. एम्बोलायझेशन करता येईल का?
– एक वाचक, गडचिरोली

करता येतं, पण रक्तविकार तज्ज्ञ सोबत असतील तिथेच. विदर्भात तर प्रत्येकीने एचपीएलसी (सिकलसेल ओळखणारी रक्ततपासणी) तपासून मगच कॅथ लॅबमध्ये जावं, असं आमचं मत. एएस (म्हणजे फक्त वाहक) असेल तर सहसा अडचण नसते. एसएसमध्ये (म्हणजे प्रत्यक्ष आजार असताना) उपाशी राहून शरीर कोरडं पडणं, थंडगार कॅथ लॅब आणि दुखणं या तिन्ही गोष्टी क्रायसिस (सिकलसेलचा तीव्र वेदनांचा झटका) ओढवू शकतात. उपास सुरू होताच सलाइन, अंगावर ऊबदार पांघरूण, ऑक्सिजनवर लक्ष, एवढं आधी बोलून ठेवा. लोहाच्या गोळ्या फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) पाहिल्याशिवाय घेऊ नका. वारंवार रक्त चढलेलं असेल तर शरीरात लोह आधीच जास्त असतं. सुट्टी मिळाल्यावर लगेच एसटी पकडू नका, तीन-चार दिवस नागपुरातच नातेवाइकांकडे राहा.

खर्चाबद्दलही विचारलं आहे. कण आणि बारीक नळी पॅकेजमध्ये धरली आहे का, हे लेखी घ्या. बिल फुगतं ते तिथेच. जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी विचारा.

प्रश्न: वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. जुनी गाठ वाढली म्हणतात. एम्बोलायझेशन करू का?
– एक वाचक, धरमपेठ

नाही. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आकसायला हवा. हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना तो वाढत असेल तर तो फायब्रॉइडच आहे का, हे आधी ठरवावं लागतं. एमआरआय आणि बायोप्सी याच महिन्यात करा.

प्रश्न: मे महिन्यात करू की पावसाळ्यापर्यंत थांबू? जखम चिघळेल म्हणतात.
– एक वाचक, हिंगणा

चिघळायला जखमच दोन मिलिमीटरची. मे महिना चालेल. फक्त डाय मूत्रपिंडातून बाहेर जातो, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे दोन दिवस अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि ४५ डिग्रीत दुपारची तपासणीची वेळ घेऊ नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ती गोळी उपचारानंतर ४८ तास बंद ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आपल्या मनाने बंद करू नका.