नव्या कार्यकर्तीला चार गोष्टी

पोरी, घरात छळ होणाऱ्या बाईला भेटायला गावात गेलीस की लगेच फॉर्म काढू नकोस. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दिवसभर वावरात, अन् घरी सासू कान देऊन बसलेली. बचत गटाच्या बैठकीनंतर गाठ. नंबर मिळाला तरी आपणहून फोन लावू नकोस. मोबाइल बरेचदा नवऱ्याच्या हातात असतो.

"सोडून दे त्याला" हे तुझ्या तोंडून निघता कामा नये. ठरवायचं तिनं. एवढं मात्र सांग: घर तिच्या नावावर नसलं तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला तिथं राहायचा हक्क आहे, अन् विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तिच्या छळाचा अहवाल लिहितात तेव्हा सोबत बस. तिला तारखा आठवत नसतील तर पोळा, पेरणी, दिवाळी धरून काढ.

मारहाण असेल तर आधी सरकारी दवाखाना, कागद आपल्याकडे. रात्री-बेरात्री 181 ही बायकांची हेल्पलाइन, नाहीतर तातडीच्या मदतीचा 112. तंटामुक्तीवाल्यांना समझोत्याची भारी घाई; जिवाची भीती असताना तिथं बसूच नये, असं माझं मत. आधार, पासबुक, पोरांचे दाखले यांच्या झेरॉक्स मात्र पहिल्याच भेटीत मागून संस्थेत ठेव.