अंतराळयानात वस्तू जागच्या जागी कशा राहतात?

प्रश्न : अंतराळ स्थानकात सगळेच तरंगते, मग चमचा, पेन, पाना अशा वस्तू हरवत कशा नाहीत? वस्तू चिकटवून ठेवणाऱ्या वेल्क्रोच्या पट्टीचा शोध 'नासा'ने लावला, हे खरे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. वेल्क्रो हा स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांचा शोध असून, कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटणाऱ्या काटेरी फळांवरून त्यांना तो सुचला. 'नासा'ने तो केवळ वापरात आणला. एका पट्टीवर बारीक आकडे आणि दुसरीवर मऊ फासे, एवढीच त्याची रचना. जेवणाच्या पाकिटाच्या पाठीवरचा वेल्क्रोचा तुकडा टेबलावरच्या तुकड्यावर दाबला, की पाकीट तिथेच राहते. मोठ्या सामानासाठी, आपण स्कूटरच्या कॅरिअरला लावतो तसे हुकाचे इलॅस्टिक दोर असतात.

तरीही वस्तू हरवतात. त्या बहुधा हवा खेचणाऱ्या जाळीवर जाऊन अडकतात, म्हणून अंतराळवीर आधी तिथेच शोधतात. स्थानकाबाहेर मात्र अशी जाळी नाही : नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीर हायडेमरी स्टेफनिशिन-पायपर यांच्या हातून अवजारांची पिशवी निसटली, ती कायमचीच.

वेल्क्रो हवा तेवढा लावता येत नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. २७ जानेवारी १९६७ रोजी 'अपोलो १' या अमेरिकी अंतराळयानाच्या शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात आग लागून तिघे अंतराळवीर दगावले; तिथल्या ज्वलनशील साहित्यात नायलॉनचा वेल्क्रोही बराच होता. त्यानंतर त्याच्या वापरावर कडक मर्यादा आल्या.