साडेतीनशे मेंबर, पण बोलतंय कोण?

प्रश्न: ताई नमस्कार, मी अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आर्डुइनो (छोटे प्रोग्रामेबल बोर्ड), लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) वगैरेचा नाद आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकमधल्या टेकवेड्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, आज साडेतीनशे मेंबर आहेत पण रोज नुसते गुड मॉर्निंग, सेलच्या लिंका आणि एका क्लासवाल्याची जाहिरात. खरी चर्चाच होत नाही, काय करू?
– एक वाचक, सिडको

उत्तर: भाऊ, आधी तो साडेतीनशेचा आकडा डोक्यातून काढा. व्हॉट्सअ‍ॅप 1024 जण घेऊ देतं म्हणून तेवढे भरायचेच असं थोडीच आहे, स्वतःच्या हाताने काहीतरी सोल्डर करणारे वीस जण असले तरी ग्रुप पळतो.

माझ्या मते लोक बातमीवर बोलत नाहीत, अडलेल्या कामावर बोलतात. नवा फोन आला हे सगळ्यांनी यूट्यूबवर आधीच बघितलेलं असतं, अंगठा दिला की विषय संपला. पण समजा दिंडोरीकडच्या कोणी लिहिलं की द्राक्षबागेत ओलावा मोजायला ईएसपी32 (वायफायवाला छोटा बोर्ड) लावलाय, सेन्सर जीपीआयओ 4 वर, म्हणजे बोर्डाच्या 4 नंबरच्या पिनवर आहे, वायफाय बंद असताना रीडिंग बरोबर येतं आणि वायफाय चालू केलं की सगळं गंडतं, हा कोड, हा फोटो. मग बघा कशी माणसं जागी होतात. एक जण सांगणार ती पिन एडीसी 2 ची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दोन भागांपैकी दुसऱ्याची) आहे, वायफाय चालू असताना वाचता येत नाही, वायर 34 वर घ्या, ती एडीसी 1 ची. दुसरा म्हणणार तो दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर फेका, ओल्या मातीत करंट जाऊन दांड्या खराब होतात, कपॅसिटिव्ह, म्हणजे धातू मातीला न लागणारा लावा. तिसरा ड्रिपचंच काहीतरी काढणार. आणि दुसऱ्या दिवशी त्याने "झालं, पिनच होती" एवढं परत येऊन लिहिलं पाहिजे, हे मात्र तुम्ही मागे लागून करून घ्या, नाहीतर तोच प्रश्न दर महिन्याला येतो.

सुरुवात तुम्हीच करा. 3.3 व्होल्टच्या पिनला 5 व्होल्ट देऊन बोर्ड उडवलंय ना कधीतरी? टाका फोटो. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना हेच विचारलं होतं की तुम्हाला मिनिक्समध्ये काय आवडतं, काय नाही, मी आपली हौस म्हणून काहीतरी करतोय.

क्लासवाल्याला एकदा सांगा, दुसऱ्यांदा काढा. लिंकमागे कमिशन मिळत असेल तर तसं लिहूनच लिंक टाकायची. गुड मॉर्निंगवाले काका बहुतेक कोणाचे तरी सासरे असतात, तिथे जरा जपून. आणि महिन्यातून एक रविवार मिसळीवर भेटा, लॅपटॉप घेऊन, फक्त रस्सा लांब ठेवा.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे. अशाच एका ग्रुपवर मी प्रश्न विचारला की उत्तर कमी आणि रात्री पर्सनलवर "हाय" जास्त. आता विचारणंच बंद केलंय.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: अगं, विचारणं बंद करू नकोस, स्क्रीनशॉट अ‍ॅडमिनला पाठव आणि त्याने त्या माणसाला काढलं नाही तर तो ग्रुपच सोड. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला नंबर सगळ्यांना दिसतो, खरी गोची तिथेच आहे. टेलिग्रामवर नंबर कोणालाच दिसू नये असं सेटिंग आहे, नुसत्या युजरनेमवर काम भागतं. मेसेज तिथेही येऊ शकतो, पण निदान नंबर कोणाच्या हाती पडत नाही, ब्लॉक केलं की सुटलीस. शिवाय तिथे विषयवार टॉपिक पाडता येतात. वरचे सिडकोचे भाऊ वाचत असतील तर त्यांनीही ग्रुप हलवायचा विचार करावा, त्यांच्या साडेतीनशेत मुली किती आहेत ते त्यांनी लिहिलेलंच नाही.