बंद पडलेला टेक पॉडकास्ट पुन्हा सुरू करताना

इतक्या मोठ्या खंडानंतर पुन्हा माइकसमोर बसतोयस, मनापासून आनंद झाला. पण रेकॉर्डिंगच्या आधी फीड बघ, म्हणजे ज्या यादीतून ॲपना तुझे भाग मिळतात ती. नवं नाव, नवं फीड असा मोह होईल, तो टाळ. जुन्या श्रोत्यांच्या ॲपमध्ये तुझा आरएसएस पत्ता, म्हणजे याच फीडचा पत्ता, अजून पडून आहे आणि तीच तुझी खरी पुंजी.

होस्टिंग (तुझे भाग आणि फीड ठेवणारी सेवा) बदलायचंच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलला असं सांगून आपोआप नव्याकडे पाठवणारी सूचना) लाव आणि निदान महिनाभर तरी काढू नकोस. प्रत्येक भागाचा जीयूआयडी (फीडमधली त्याची वेगळी ओळख) मात्र जसाच्या तसा ठेव. तो बदलला की ॲपला जुने भाग नवे वाटतात आणि लोकांच्या फोनवर एकदम ढीग येऊन पडतो. अशाने माणसं वैतागून अनसबस्क्राइब करतात, मग परत येत नाहीत.

वर्णनात गूगल पॉडकास्ट्सची लिंक असेल तर काढ. ते २०२४ मध्येच बंद झालं.

पहिल्या भागात ‘कुठे होतो’ हे मिनिटभरात आटोप. त्यापेक्षा जुने भाग ऐक आणि कुठला सल्ला शिळा झालाय ते शोध. समजा, तेव्हा ‘विंडोज १० पुरेसं आहे’ म्हणाला असशील, तर विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता त्या मशीनचं काय करायचं, यावरच पहिला भाग कर. माझ्या मते पुनरागमनाला याहून चांगला विषय नाही.

आणि हो, दोन-तीन भाग हाताशी तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नकोस.