लॉजिक पहिल्यांदाच शिकवताय? मग सुरुवातीला एवढंच करा

पहिल्याच तासाला ट्रुथ टेबल (विधानं कधी खरी, कधी खोटी ठरतात याचा तक्ता) काढू नका, मुलं तिथेच कंटाळतात. कोड्याने सुरुवात करा. माझं आवडतं म्हणजे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचं १९६६ चं चार कार्डांचं कोडं: टेबलावर अ, क, ४, ७ अशी कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर दुसऱ्या बाजूला आकडा, आणि नियम असा की अक्षर स्वर असेल तर मागचा आकडा सम असणारच. हे तपासायला नेमकी कुठली कार्डं उलटायची? बरेच जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७, कारण ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही पण ७ च्या मागे स्वर निघाला की मोडला. यावर वर्गात भांडू द्या त्यांना, खरंच भांडू द्या!

नवीन शिक्षक हमखास करतात त्या चुका:
- उत्तर लगेच सांगून टाकणं.
- फॅलसींची (युक्तिवादातल्या नेहमीच्या चुकांची) लांबलचक यादी पाठ करून घेणं. दोन-तीन पुरेत.
- निष्कर्ष खरा आहे म्हणून युक्तिवादही बरोबर धरणं. "सगळे पक्षी अंडी घालतात, कावळा अंडी घालतो, म्हणून कावळा पक्षी" हे मुलांना एकदम पटतं, मग कावळ्याच्या जागी मगर टाकायला सांगा आणि चेहरे बघा.

लॉजिकची चिन्हं वगैरे नंतर, मुलं स्वतःहून मागतील तेव्हा.