म्हाताऱ्या ताऱ्यांचे ग्रह आणि मुलीची अकरावी

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीचे मोठे ग्रह शोधायचे, असं ठरवून बसलीये. हे सगळं परदेशातच चालतं ना? आणि यात पोट भरतं का? त्यापेक्षा इंजिनीअरिंग बरं नाही का?
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. परदेशाचं म्हणाल, तर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने (पीआरएल) २०२१ साली माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतून असाच ग्रह पकडला. टीओआय-१७८९ हा उतारवयाला लागलेला तारा ७२५ प्रकाशवर्षं दूर आहे. त्याचा ग्रह आकाराने गुरूच्या १.४ पट, आणि त्याचं वर्ष जेमतेम सव्वातीन दिवसांचं!

ग्रह स्वतः सहसा दिसत नाही. त्याच्या ओढीने तारा डुलतो आणि ताऱ्याच्या वर्णपटातल्या (म्हणजे प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यातल्या) रेषा किंचित सरकतात. गुरूमुळे आपला सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर हलतो, म्हणजे रस्त्यावरच्या स्कूटरएवढ्या वेगाने. तेवढा वेग इतक्या लांबून मोजायचा, तर वर्णपटमापक निर्वात पेटीत, काटेकोर स्थिर तापमानात ठेवावा लागतो. तो बनवायला मेकॅनिकल, ऑप्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्सची माणसं लागतात. तेव्हा तुमचं इंजिनीअरिंग आणि तिचे ग्रह यांत भांडण नाही.

म्हातारे तारेच का? वजनदार तारे तरुणपणी फार तापलेले असतात, गरगर फिरतात; त्यांच्या रेषा थोड्या आणि फिसकटलेल्या. वय झालं की ते निवतात, गिरकी मंदावते, रेषा नीट वाचता येतात. पण हे म्हातारे फसवतातही. कालेय तारकासमूहातल्या गॅमा ताऱ्याच्या डुलण्यात २००३ ते २०११ दर ७०२ दिवसांची लय दिसत होती. कुणीही ग्रहच म्हटलं असतं. पुढे ती लय गायब झाली, आणि परतली ती वेगळ्याच ठेक्यात. ग्रह नव्हता, ताऱ्याचीच धडधड असावी. आठ वर्षांची मोजणी अशी पाण्यात गेली तर पुन्हा मोजायला बसशील का, हे मुलीला विचारा. मला तरी तिच्या टक्क्यांपेक्षा हे उत्तर ऐकायला आवडेल.

वाट सांगतो. गणित सोडायचं नाही. बारावीनंतर आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था, किंवा जेईई अॅडव्हान्स्डमधून तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान संस्थेत इंजिनीअरिंग फिजिक्स. दोन्ही हुकलं तर गावच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. यात कमीपणा नाही. पीएचडीला फेलोशिप मिळते, घरून पैसे घालावे लागत नाहीत. मात्र कायमच्या जागा मोजक्या आहेत, आणि तिशी उलटली तरी करारावर काम करावं लागू शकतं. पोटाचं म्हणाल तर उपाशी कुणी राहत नाही. बाहेर पडणारे डेटा अॅनालिसिसकडे वळतात.

दुर्बीण तूर्त घेऊ नका, महिनाभरात माळ्यावर जाते. त्यापेक्षा तिला पायथन ही संगणकाची भाषा शिकू द्या. नासाच्या ग्रह शोधणाऱ्या टेस उपग्रहाची मोजमापं फुकट मिळतात. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचं तेज किंचित घटतं; तेजातले असे खळगे तिला त्यांत स्वतः शोधता येतील. विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सगळ्यांना प्रवेश असतो. तिला एकटीला पाठवू नका, तुम्हीही जा. प्रश्न तुमचेच जास्त आहेत.