वर्गाला काम हवं: नव्या शिक्षिकेला पत्र

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू दोन प्रश्न वेगवेगळे विचारलेस: वर्ग गप्प कसा करायचा आणि पाठ खऱ्या जगाशी कसा जोडायचा. पहिला तातडीचा, दुसरा सवडीने बघू, असंही लिहिलंस. मला हे प्रश्न वेगळे वाटतच नाहीत. वर्गात गडबड होते ती बहुतेक वेळा मुलांच्या हाताला काम नसतं म्हणून, किंवा दिलेल्या कामात त्यांना काही राम वाटत नाही म्हणून. तेव्हा शिस्तीबद्दल लिहिताना मी पाठाबद्दलच जास्त लिहिणार आहे.

जेकब कौनिन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. एका मुलाला रागावलं की बाकीच्यांवर काय परिणाम होतो, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे त्यांनी चालू वर्गांचं चित्रीकरण केलं आणि सुरळीत चालणारे वर्ग व सारखे विस्कटणारे वर्ग शेजारी ठेवून पाहिले. १९७० साली त्यांनी जे मांडलं ते तुझ्या उपयोगाचं आहे. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतात, यात या दोन प्रकारच्या वर्गांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो गडबड होण्याच्या आधी. चांगल्या शिक्षकांचं लक्ष एकाच वेळी सगळीकडे असायचं आणि मुलांना ते जाणवायचं. एकाची वही बघताना दुसऱ्याच्या शंकेला ते उत्तर द्यायचे, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रेंगाळू द्यायचे नाहीत.

हे शेवटचं नीट बघ, कारण तुझे तास तिथेच निसटताहेत. तू लिहिलंस की शिकवताना मुलं बरी असतात, पण ‘मध्येच एकदम’ आवाज वाढतो. मध्येच म्हणजे कुठे? तू म्हणतेस, “वह्या काढा.” निम्मी मुलं वह्या काढतात. एक विचारते, “बाई, कुठली वही?” दुसऱ्याला पेन सापडत नाही. तू तोवर फळ्याकडे वळून तारीख आणि शीर्षक लिहितेस. ज्यांच्या वह्या निघाल्या त्यांना आता करायला काही नाही, म्हणून ती बोलायला लागतात. तू वळून “शांत बसा” म्हणतेस, तेव्हा ज्यांनी काहीच केलेलं नाही तीही दचकतात. दोन मिनिटांत तास हातातून जातो, आणि त्यात कुणाचाच वाह्यातपणा नसतो.

उपाय साधा आहे, पण तो आधी करायचा असतो. तारीख, शीर्षक आणि पहिलं काम मुलं आत येण्यापूर्वी फळ्यावर लिहून ठेव. साहित्य आधीच बाकांवर असू दे. सूचना द्यायच्या आधी थांब, सगळे डोळे वर आले की मगच बोल: कुठली वही, कितवं पान, काय करायचं, किती वेळात आणि झाल्यावर पुढे काय. मग एखाद्या मुलाला तीच सूचना परत सांगायला लाव. ‘झाल्यावर काय’ हे बहुतेक जण विसरतात. लवकर काम संपवणारं हुशार मूल मोकळं बसलं की आजूबाजूच्या चौघांचं काम थांबतं. त्याला तसलीच आणखी पाच गणितं देऊ नकोस, ती त्याला शिक्षा वाटते. एक अवघड प्रश्न दे, किंवा या धड्यावर स्वतः प्रश्न तयार करायला सांग.

बाक हलवून गट करायचे असतील तर त्याचा चक्क सराव घे, कवायतीसारखा. कुणी कुठलं बाक उचलायचं, कुणी कुठे बसायचं, हे एकदा अंगवळणी पडलं की वर्षभराचा वेळ वाचतो. वर्गाचे नियम तीन-चारच ठेव, आणि जे तू रोज पाळून घेऊ शकशील तेच ठेव.

आता रागावण्याबद्दल. लांबून नाव घेऊन ओरडलीस की त्या मुलाला आयता प्रेक्षकवर्ग मिळतो. मग त्याला माघार घेता येत नाही आणि तुलाही. शिकवणं चालू ठेवून त्याच्या बाकाजवळ जाऊन उभी राहा. बरंचसं तिथेच मिटतं. नाही मिटलं तर वाकून हळू आवाजात एकच वाक्य बोल आणि उत्तराची वाट न बघता पुढे जा. बाकीचं तास संपल्यावर, दोघांतच. एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा मात्र कधीही करू नकोस. हे मी फार कळकळीने लिहिते आहे. जी मुलं मन लावून काम करत होती, त्यांना त्या दिवशी कळतं की आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही. त्यांचा विश्वास पुन्हा मिळवायला फार काळ जातो.

चांदण्या, बक्षिसं, गुणांचे तक्ते यांबद्दल तू उत्साहाने लिहिलंस. जपून. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मनापासून चित्रं काढणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्या कामाची गोडी मुळातच आहे, त्याला बक्षीस लावलं तर ती गोडी ओसरू शकते. त्यापेक्षा मुलाने नेमकं काय चांगलं केलं ते सांग. “छान” म्हणू नकोस. “तू दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलंस म्हणून चूक सापडली” असं म्हण.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शीक. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, “माहीत नाही” कमी होतं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. याचा दुसरा अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो: मुलाचं उत्तर संपल्यावरही थांबायचं. आपण लगेच “बरोबर” म्हणून मोकळे होतो आणि त्याचा विचार तिथेच तुटतो. थांबलीस तर मूल स्वतःच पुढे म्हणतं, “म्हणजे, बाई, पण जर असं झालं तर…” या ‘पण’साठी थांबायचं. सुरुवातीला ते तीन सेकंद तुला फार मोठे वाटतील. मनात अंक मोज.

आता तुझा दुसरा प्रश्न. खऱ्या जगाशी जोडलेला पाठ म्हणून जे बहुतेकदा समोर येतं, ते खरं नसतं. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्याने रिकामी होते, तर किती वेळात भरेल? पाणी आहे, नळ आहे, पण अशी टाकी कुणी भरत नाही हे मुलांना ठाऊक असतं. माझी कसोटी अशी आहे: उत्तर बरोबर की चूक हे कोण ठरवतं? पुस्तकाच्या शेवटचं पान ठरवत असेल तर तो सराव आहे. ती वस्तू, ते पाणी, ती सावली ठरवत असेल तर तो खरा पाठ.

नळच घे, पण गळका. सेकंदाला साधारण एक थेंब पडतो आहे. आधी अंदाज विचार: दिवसभरात किती पाणी जाईल? प्रत्येकाने आकडा वहीत लिहायचा आणि तो खोडायचा नाही. मग चार-चार जणांचे गट कर. एकाकडे घड्याळ, एकाकडे मोजपात्र, एक नोंद करणार, एक तपासणार. दहा मिनिटं थेंब गोळा करायचे. समज, ३० मिलिलिटर जमले. दिवसात अशी दहा-दहा मिनिटं १४४, म्हणजे ४,३२० मिलिलिटर, सव्वाचार लिटरच्या वर. वर्षाचं करा म्हटलंस की १,५७७ लिटरच्या आसपास उत्तर येतं. पेलाभर पाणी जाईल असं लिहिणारी मुलं आपल्याच वहीतल्या आकड्याकडे बघत राहतात.

गटांची उत्तरं जुळणार नाहीत. तू घाईने सरासरी काढू नकोस, कारण पाठ इथेच रंगात येतो. एका गटाने मोजपात्र वरून वाकून वाचलं, दुसऱ्याने डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचलं. एकाने घड्याळ उशिरा सुरू केलं. हे मुलांना एकमेकांकडून काढून घेऊ दे. शिस्तीचं काय होतं तेही बघ. घड्याळ धरणारा इकडेतिकडे बघायला लागला तर त्याला तू काही म्हणायची वेळ येत नाही, नोंद करणारीच त्याला हाक मारते. शेवटी आकडे हातात घेऊन नळ दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला लाव. अर्जलेखन असंही शिकवायचंच असतं, पण हा अर्ज खरोखर कुणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर मुलं शुद्धलेखन आपणहून विचारायला येतात.

भूमितीत सावली घे. एक मीटरच्या काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि त्याच वेळी झाडाची ६.४ मीटर, तर झाड ८ मीटर उंच. मैदान सपाट हवं, एवढंच बघ. हे जमलं की इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची गोष्ट सांग. इजिप्तमधल्या सायनी इथे सूर्य बरोबर डोक्यावर असताना उत्तरेला अलेक्झांड्रियात सूर्यकिरण ७.२ अंशांनी कललेले, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. त्यावरून आणि या दोन शहरांमधल्या अंतरावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. ज्या मुलांनी नुकतीच स्वतः सावली मोजली आहे, त्यांना तो माणूस परका वाटत नाही.

मोठ्या वर्गासाठी लंडनच्या १८५४च्या कॉलऱ्याचा नकाशा घे. तो काढणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी या साथीचं मूळ पाण्यात शोधलं, पण त्यांचं नाव आधी सांगू नकोस. मृत्यूंच्या खुणा आणि पाण्याचे पंप दाखवून एवढंच विचार की तुम्ही असता तर आधी कुठे गेला असता. बोटं ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे वळतील. मग सांग, त्या पंपाजवळच मद्याचा कारखाना होता आणि तिथला एकही कामगार कॉलऱ्याने दगावला नाही. का? थांब. त्या कामगारांना प्यायला बिअर मिळे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती, हे मुलांनी प्रश्न विचारत विचारत तुझ्याकडून काढलं पाहिजे.

या तासांना आवाज होणारच. शेजारच्या वर्गातून कुणी डोकावलं तर अवघडू नकोस, पण तो आवाज कसला आहे ते कान देऊन ऐक. “परत मोज”, “तुझं चुकलंय” हे शब्द कानावर येत असतील तर मध्ये पडू नकोस. कालच्या सामन्याबद्दल बोलणं चाललं असेल तर त्या गटाचं काम संपलं आहे किंवा त्यांना ते कळलेलं नाही; जवळ जाऊन यातलं कुठलं ते बघ.

रोज असा पाठ घ्यायच्या फंदात पडू नकोस. पाढे, शुद्धलेखन, सूत्रं यांना सराव लागतो, आणि तो सराव आहे असं मुलांना सरळ सांगावं. दोन-तीन आठवड्यांतून एक खरा प्रश्न पुरे, कारण त्याची तयारी मोठी असते. मोजायला लागायच्या आदल्या दिवशी तू स्वतः सगळं करून बघ. नळाखाली मोजपात्र मावतं का, हे वर्गासमोर कळून उपयोग नाही.

मागच्या बाकावरच्या ज्या मुलाबद्दल तू काळजीने लिहिलंस, त्याला घड्याळ दे. त्याला सुधारायचं म्हणून नाही. त्याच्यावाचून गटाचं काम अडावं म्हणून. त्या दिवशी त्याच्यावर नजर ठेवू नकोस, त्याची नोंद मात्र नीट तपास आणि ती बरोबर आली तर वर्गासमोर त्याचाच आकडा फळ्यावर लिही.

पुढच्या आठवड्याचं टाचण पाठव. त्यात काय शिकवणार ते नेहमीसारखं लिहीच, पण मुलं एका कामातून दुसऱ्यात कशी जाणार, तेही प्रत्येक टप्प्याला समासात लिही. मला आधी ते वाचायचं आहे.

तुझ्या,
बाई